लोहगडाशेजारचा विसापूर

मावळातल्या गडांचे बळ सांगताना आपण कड्यांची उंची सांगतो, माच्या सांगतो, दरवाजे मोजतो. शत्रूच्या अस्त्राचा पल्ला मात्र हिशेबात धरायचा राहून जातो. वास्तविक हा पल्ला वाढला की कालचा अभेद्य गड आज दुबळा ठरतो. मळवलीच्या डोक्यावरची लोहगड-विसापूर ही जोडी याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. दोघांच्या मध्ये गायमुख खिंड आहे आणि विसापूर लोहगडाहून सुमारे १५० फूट उंच आहे. या १५० फुटांना अर्थ आला तो तोफेमुळे.

तोफेआधीची इस्लामी जगातली फेकीची अस्त्रे काही साधी नव्हती. बाराव्या शतकात सुलतान सलाहुद्दीनसाठी मर्दी अल्-तरसूसीने लिहिलेल्या युद्धग्रंथात दांड्यावर आडवी बसवलेली, यंत्राने ताणायची धनुष्ये, म्हणजे क्रॉसबो, आहेत. वजनाच्या जोरावर धोंडे भिरकावणारी मंजनीकही आहे. राखणीची गोफण घराएवढी केली तर तिची कल्पना येईल. दिल्लीच्या सुलतानांनी हिंदुस्थानात अशी यंत्रे वापरली. पण डोंगरी किल्ल्यापुढे वेढा घालणाऱ्याला ती पायथ्याशी उभारावी लागत, आणि वरच्याकडेही तसेच यंत्र असे. १३०१ मध्ये रणथंबोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सेनापती नुसरतखान किल्ल्यावरून फेकलेल्या दगडानेच मेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या मलिक अहमदाने लोहगड घेतला, त्या काळी विसापूरच्या माथ्यावर शत्रूचे तिरंदाज बसले असते तरी लोहगडावरच्या शिबंदीने फारशी चिंता केली नसती. खिंडीपलीकडून नेमका मारा करण्याची ताकद धनुष्यात नव्हती.

यावर कोणी उंबरखिंडीकडे बोट दाखवील. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोगल फौज लोहगडाच्या बाजूने येऊन कुरवंडे घाटाने उतरली आणि उंबरखिंडीत मराठ्यांच्या कोंडीत अडकली. मोगलांकडे धनुष्ये आणि बंदुका होत्या, तशा मराठ्यांकडेही होत्या. मग पल्ल्याचे महत्त्व ते काय? माझ्या मते हे उदाहरण विरोधात जात नाही. त्या अरुंद वाटेत दोन्ही बाजू एकमेकींच्या हाती असलेल्या अस्त्रांच्या टप्प्यात होत्या, म्हणून उंचीवर बसलेल्याचा पूर्ण वरचष्मा झाला. लोहगड आणि विसापूर यांच्यातले अंतर मात्र हातातल्या अस्त्रांना झेपणारे नव्हते. तिथे उंचीचा फायदा घ्यायला तोफच हवी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अवजड तोफ त्या डोंगरावर चढणार कशी? अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेल्या मलिक-ए-मैदानसारखे धूड मावळात चढवणे अशक्यच. पण मारा करायला तेवढे धूड लागत नाही. विसापुरावर सुमारे दहा फूट लांबीची एक लोखंडी तोफ नोंदलेली आहे, तिच्यावर इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा गुलाब आणि मुकुट आहे. परदेशी बनावटीची ती तोफ कोणीतरी वर नेली, यातच उत्तर आले. १६६५ च्या पुरंदर तहात हे दोन्ही किल्ले मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत होते, आणि विसापूरच्या तटबंदीचे काम बाळाजी विश्वनाथाच्या काळातले, १७१३ ते १७२० मधले, समजले जाते. तोफेच्या युगात पेशव्यांनी या उंच शेजाऱ्याकडे लक्ष दिले हे मला योगायोगाचे वाटत नाही. पुढे नाना फडणवीसांनी लोहगडाचे दरवाजे मजबूत केले खरे, पण ते वाट अडवण्यासाठी होते.

शेवटी १८१८ पाहा. इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने ४ मार्चला विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. पेशवाई आधीच कोसळत होती, दुसरा बाजीराव पळत होता, म्हणून लढाई झाली नाही असे म्हणता येते, आणि त्यात तथ्य आहे. तरीही इंग्रजांनी आधी कोणता किल्ला घेतला हा प्रश्न उरतोच. नानांनी सजवलेल्या, अधिक नामांकित लोहगडाला सोडून ते आधी विसापुरावर गेले. मनोधैर्य खचलेल्या शिबंदीलाही वरच्या माथ्यावर तोफा आल्यावर काय होईल हे समजत होते.