विद्याधरांच्या राज्यातले नेम

आमच्या लहानपणी रिसोडला दिवाळीत फराळाची ताटे उचलली आणि अंगणातल्या पणत्यांत पुन्हा एकदा तेल घालून झाले, की आम्ही मुले आजीभोवती गोळा होत असू. गोष्ट ऐन रंगात आली की आमच्यापैकी कोणी तरी हटकून विचारी, "त्याला उडता येत होतं ना? मग तो कैदेतून उडून का नाही गेला?" आजी शांतपणे म्हणे, "विद्येची तशी अट होती, बाळा!" हे उत्तर आम्हांला पळवाटीचे वाटे. पुढे कथासरित्सागर वाचला, तेव्हा उमगले की आजीचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते.

या ग्रंथातले विद्याधर हिमालयात राहतात, पण त्यांच्या कथेचे माहेर आपल्याकडचे आहे. परंपरा सांगते, की प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने 'बृहत्कथा' रचली, तीही पैशाची भाषेत. मूळ ग्रंथ नाहीसा झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने तिचा संस्कृत अवतार घडविला, तो हा १८ लंबकांचा आणि १२४ तरंगांचा कथासरित्सागर. बुधस्वामीने रचलेला दुसरा अवतार नेपाळात सापडला. आणि जैनांची 'वसुदेवहिंडी' तर जुन्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. गंमत अशी, की सोमदेव गुणाढ्याच्या मामांची नावे वत्स आणि गुल्मक अशी देतो. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम! तेवढ्यावरून गुणाढ्याला वाशीमचा भाचा ठरवणे हा काही इतिहास नव्हे. पण नावाची ही जुळणी आम्हां रिसोडकरांना सुखावते खरी.

आता त्या राज्यातले नेम पाहू. विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा. ही विद्या कुणाला जन्माने मिळते, कुणाला तपाने, कुणाला दुसऱ्याच्या कृपेने. एकीने आकाशात संचार करता येतो. प्रज्ञप्ती नावाच्या दुसरीने दूर कोठे काय घडले ते कळते. वत्सराज उदयनाचा मुलगा नरवाहनदत्त हा कथेचा नायक माणूस आहे. आरंभी त्याला उडता येत नाही. विद्याधरीच त्याला उचलून नेतात. विद्याधरांचा चक्रवर्ती होण्यासाठी त्याला तप करावे लागते, लढावे लागते.

विद्या आहे म्हणून वाटेल ते करता येते, असेही नाही. मानसवेग नावाचा विद्याधर नरवाहनदत्ताची राणी मदनमंचुका हिला आकाशमार्गे पळवून नेतो. त्याला अडवणारे तेथे कोणी नाही. पण स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरी केली तर मरण येईल, असा शाप त्याच्या डोक्यावर आहे. एवढा बलाढ्य विद्याधर, पण त्याला अखेर मनधरणी करीत बसावे लागते! आजीची अट ती हीच.

या जगात विद्येला पर्यायही आहे, तो म्हणजे यंत्र. कांचीचा एक सुतार लाकडी यांत्रिक हंस करतो, त्यांना दोऱ्या बांधून रात्री राजाच्या खजिन्यात सोडतो आणि दागिने पळवतो. बुधस्वामी तर आकाशयंत्रांची विद्या यवन कारागिरांना ठाऊक असल्याचे सांगतो. म्हणजे ज्याच्याजवळ तप नाही, त्याच्याजवळ निदान रंधा असावा!

सर्वांत मोठा नेम मात्र शापाचा. उच्चारलेला शाप फिरवता येत नाही. त्याचा शेवट तेवढा ठरवून देता येतो. गुणाढ्य हा मूळचा शिवाचा गण माल्यवान. शापाने तो माणूस झाला, आणि त्याची सुटका कशाने? कथा जगात पसरण्याने! दरबारातल्या एका पैजेत हरून त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या होत्या. म्हणून त्याने अरण्यात पैशाचीत सात लाख श्लोक लिहिले, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ते झिडकारले. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान वाचून तो त्यात टाकू लागला. हरणे, रानडुकरे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले, राजा आजारी पडला, चौकशी झाली. तो धावत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. नरवाहनदत्ताची कथा तेवढी वाचली.

ही दंतकथा आहे, मान्य. पण वाशीमचा इतिहास हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगतो. चौथ्या शतकात वत्सगुल्माची वाकाटक शाखा स्थापणाऱ्या सर्वसेन राजाने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' काव्य लिहिले. ते आज उपलब्ध नाही. इतरांनी घेतलेले उतारे तेवढे उरले आहेत. या घराण्याचा १९३९ मध्ये उजेडात आलेला वाशीमचा ताम्रपट टिकला, कारण तो तांब्याचा होता. राजाचे काव्य गेले, आणि राजाने झिडकारलेल्या कथेचा अंश मात्र आजीच्या तोंडून आमच्या अंगणापर्यंत आला.

तेव्हा यंदा मुलांनी गोष्ट मागितली तर 'उद्या' म्हणू नका. त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला, तर अट सांगा. आणि स्वतःला अट आठवत नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. पण वेळेवर विचारा.