एका घरात दोन चुली

मराठीत ‘वेगळी चूल मांडली’ म्हटले, की घर फुटले असे समजायचे. अमेरिकेच्या ईशान्येकडील थंड राज्यांत मात्र अनेक घरांत एकाच छपराखाली दोन चुली नांदतात: तळघरात तेलावरची भट्टी, म्हणजे फर्नेस, आणि बैठकीच्या खोलीत लाकडी पेलेटची शेगडी. आमच्याही घरात हीच जोडी आहे. नवे यंत्र आले की जुने मोडीत निघते. इथे तसे का झाले नाही, या कुतूहलातून मी या दोघींचा इतिहास धुंडाळू लागलो.

अमेरिकन घरातली आग तळघरात गेली ती एकोणिसाव्या शतकात. खाली कोळशाची भट्टी पेटवायची आणि तापलेली हवा नळांवाटे वरच्या खोल्यांत सोडायची. १८८५मध्ये मिनियापोलिसच्या अल्बर्ट बट्झने खोलीतील गारव्यानुसार भट्टीची झडप आपोआप उघडणारी युक्ती काढली. पुढे तेल आणि गॅस आल्यावर कोळशाचे फावडेही सुटले. आग नजरेआड झाली. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा तेवढा उरला.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. २ फेब्रुवारी १९७७ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरदर्शनवर आले आणि घरातले तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरेनहाइट ठेवा, असे त्यांनी सांगितले. सेल्सियसमध्ये हे साधारण १८ आणि १३ अंश. लोक पुन्हा ओंडक्यांच्या शेगड्यांकडे वळले. त्यांच्याबरोबर धूरही परतला. इतका, की १९८८मध्ये केंद्र सरकारला नव्या लाकडी शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घालावी लागली.

पेलेटच्या शेगडीला वाट मिळाली ती याच काळात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी व्हिटफील्ड या बोइंगमधील अभियंत्याने ती घरगुती वापरासाठी घडवली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा वाळवून, दाबून केलेल्या बोटाहून बारीक कांड्या. वेगळा डिंक लागत नाही; दाबाच्या उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि भुसा धरून ठेवते. आपल्याकडे डब्यात भुसा ठासून मधे भोक ठेवलेली शेगडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे इंधन परके वाटणार नाही. फरक आहे तो यंत्राचा. मळसूत्री दांडा पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो, एक पंखा आगीला हवा पुरवतो, दुसरा ऊब खोलीत सोडतो. मोजून दिलेले कोरडे इंधन आणि भरपूर हवा यांमुळे धूर फारच कमी होतो.

दोन्ही चुली एकत्र चालवताना खरी कसोटी थर्मोस्टॅटची लागते. तो शेगडीजवळ असेल, तर घर ऊबदार झाले असे समजून भट्टी पेटतच नाही. तिकडे लांबच्या खोल्या गारठतात आणि कडक थंडीत तळघरातले पाण्याचे नळ गोठून फुटतात. म्हणून भट्टी अधूनमधून चालू द्यावीच लागते.

तेलाला पर्याय म्हणून आलेली ही शेगडी स्वतंत्र मात्र नाही. तिचे पंखे विजेवर चालतात, भट्टीचेही तसेच. जानेवारी १९९८च्या हिमवादळात बर्फाच्या ओझ्याने तारा तुटल्या, मेन राज्यातील सुमारे निम्मे लोक अंधारात गेले, काही तर दोन आठवड्यांहून अधिक काळ. अशा वेळी बॅटरी किंवा जनरेटर नसेल तर दोन्ही चुली एकदमच विझतात. जुनी ओंडक्यांची शेगडी तेवढी जळत राहते. २००८च्या उन्हाळ्यात तेल पिंपामागे १४० डॉलरांपलीकडे गेले तेव्हा पेलेटची मागणी वाढली. पण घरबांधणी मंदावली होती, सॉ मिलमध्ये लाकूड कमी चिरले जात होते, आणि त्यामुळे भुसाच कमी पडू लागला.

दोन चुली टिकल्या त्या यामुळे. तेल महागले की पेलेट उपयोगी पडतात, पेलेट मिळेनासे झाले की तेल. १९७३ने या घरांना शिकवले ते एवढेच, की कुठल्याही एका इंधनावर सगळा हिवाळा सोपवू नये. वीज दोघींनाही लागते, या प्रश्नाचे उत्तर मात्र दुसऱ्या चुलीतही सापडलेले नाही.