नकलेतील अस्सल

फेझ शहराच्या ‘बाब बू जलूद’ या वेशीचे चित्र एकदा पाहिले की ती डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेरून निळी, आतून हिरवी. तीन कमानी आणि त्यांवर दाट नक्षी. मध्ययुगीन फेझची हीच खूण, असा प्रवाशांचा समज असतो. वस्तुतः ही वेस १९१३ सालची. मोरोक्कोवर फ्रेंचांचे संरक्षकत्व लादले गेले त्यास तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. खरे जुने द्वार शेजारीच आहे. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही!

या वेशीची प्रतिकृती फ्लॉरिडातील डिस्नेच्या ‘एप्कॉट’ उद्यानात आहे. उद्यान १९८२ मध्ये उघडले; तेथील देशोदेशींच्या दालनांत मोरोक्कोचे दालन १९८४ मध्ये आले. आम्हां वकिलांच्या भाषेत सांगायचे, तर ही नकलेवरून काढलेली नक्कल. आणि असल्या कागदाला न्यायालयात किंमत ती किती?

तथापि एवढ्यावर निकाल देणे घाईचे होईल. या दालनासाठी राजे दुसरे हसन यांनी आपले कारागीर मोरोक्कोतून पाठविले होते. तेथील ‘झेलिज’ हे काम साच्यातून निघत नाही. झिलई दिलेल्या फरशीवर आकृती रेखून, धारदार हातोडीने टिचक्या देत एकेक तुकडा घडवावा लागतो. मग ते तुकडे पालथे मांडतात आणि मागून लेप देऊन जखडतात. म्हणजे मांडणारास रंग दिसत नाहीत, दिसते ती मातकट पाठ. समग्र नक्षी त्याच्या मनातच असावी लागते. ही विद्या बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे आलेली. वेस नकली असेल. तिच्यावर पडलेला हात नकली कसा म्हणावा?

दालनाच्या दर्शनी भागी माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मीनाराची लहान प्रतिकृती आहे. मूळ मीनार बाराव्या शतकातील, अल्मोहद राजवटीचा, सुमारे ७७ मीटर उंच. प्रतिकृतीच्या पायथ्याशी मशीद नाही. दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. तरीही तेथील ‘इल्युमिनेशन्स’ हा रात्रीचा सोहळा २०१९ मध्ये बंद होईपर्यंत, तळ्याभोवतीच्या इतर इमारतींच्या कडा दिव्यांनी उजळत, तेव्हा या मीनारावर रोषणाई केली जात नसे. धर्मवास्तूचा मान म्हणून, असे त्याचे कारण सांगितले जाते. दीपमाळ उजळून देवाचा मान राखणाऱ्या आपणांस ही रीत उलटी वाटेल. पण त्यामागचा भाव परका वाटू नये.