कर्नाळ्याचा पाऊस आणि ठासणीची बंदूक

पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल, मराठे आणि इंग्रज असे अनेक धनी या गडाने पाहिले. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण आवडीने ऐकतो. परंतु त्या प्रत्येक लढाईत हजर असलेल्या एका साक्षीदाराचा उल्लेख क्वचितच होतो. तो म्हणजे हवामान.

त्या काळची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी घालून गजाने ठासायची, कानाशी रंजक भरायची आणि पेटत्या तोड्याने तिला बत्ती द्यायची. सोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू हवेतील ओलावा सहज शोषून घेते. ओलसर दारू सावकाश जळते, गोळीचा वेग घटतो आणि ती नेमाच्या खाली पडते. शिवाय प्रत्येक बाराची दारू सारखीच ओलसर नसते. त्यामुळे एकाच हाताने झाडलेल्या दोन गोळ्याही एके ठिकाणी लागत नाहीत. नळीत उरणारी काजळी दमट हवेत चिकट होते, तर कोरड्या उन्हात कडक होऊन पुढची गोळी अडवते. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, म्हणून आडवा वारा तिला सहज बाजूला नेतो. आणि सरीने तोडा विझला किंवा रंजक भिजली, तर बंदुकीची नुसती काठी होते.

जुन्या जाणत्यांना हे पक्के ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या दारूखान्याविषयी बजावले आहे, की दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊब द्यावी व पुन्हा मोहोर करून ठेवावी. युरोपातील तोफचीही संत बार्बराचा धावा करीत. वीज व वादळ यांपासून रक्षण करणारी संतीण तीच, आणि तोफचींची आश्रयदातीही तीच!

१६७० च्या जूनमध्ये, पावसाच्या दिवसांत, मराठ्यांनी कर्नाळा मोगलांकडून घेतला. मातीचे आडोसे उभारीत, पुढे फळ्या धरीत ते चढत गेले. अशा ऋतूत तटावरच्या बंदूकवाल्याला शत्रूइतकीच आपल्या तोड्याचीही राखण करावी लागते. उलट, १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने हाच गड जानेवारीच्या कोरड्या हवेत घेतला. चिमाजीअप्पांनी वसईचा वेढा तडीस नेला तो १७३९ च्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला असताना. तटाखालच्या सुरुंगांना पुढचा महिना खचितच मानवला नसता. प्लासीला तर २३ जून १७५७ रोजी भर लढाईत सर कोसळली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीने झाकली. नवाबाची उघड्यावर भिजली. फितुरीने पुढचे काम केले, परंतु आरंभ पावसाने केला होता.

हवामान एकट्याने गड जिंकून देत नाही. धैर्य, शिस्त आणि नेतृत्व यांचे मोल त्याने कमी होत नाही. तरीही जेत्याला ईश्वराचा लाडका आणि पराभूताला भ्याड ठरवण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिला या ओल्या दारूने थोडा आवर घालावा. वसईच्या तटाच्या दोन्ही बाजूंना आपलीच कोकणी माणसे होती. त्यांचा न्याय करण्यापूर्वी, वाचकहो, त्या दिवशी आभाळ कसे होते, एवढे तरी आपण विचारू या.