एक काडतूस, दोन हत्यारे

आमच्या रेवदंड्याच्या कोटात जुन्या तोफा अजून पडून आहेत. १५७०-७१ साली निजामशाही फौजेने पोर्तुगीजांचा हा कोट वेढला होता. अशा वेढ्यात तोफा किती, याइतकेच गोळ्याचे माप महत्त्वाचे. एका तोफेचा गोळा दुसरीला बसला नाही, तर कोठार भरलेले असूनही तोफ मुकी!

हातातल्या हत्यारांनाही हीच अडचण. अमेरिकेत १८७३ च्या विंचेस्टर बंदुकीचे काडतूस कोल्ट कंपनीने काही वर्षांतच आपल्या रिव्हॉल्व्हरला चालेल असे केले. स्वाराला काडतुसांचा एकच पट्टा पुरू लागला. आपल्या लष्करात आणि पोलिसांत ब्राउनिंग पिस्तूल आणि स्टर्लिंग कार्बाइन यांची तशीच जोडी जमली. दोन्हींना काडतूस ९ मिलिमीटरचेच. खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यात तेही तयार होते.

पण सोयीला किंमत असते. लांब नळी आणि खांद्याचा आधार यांमुळे कार्बाइनचा नेम सुधारतो, वेगही थोडा वाढतो. गोळी मात्र पिस्तुलाचीच. लांबच्या माऱ्याला रायफलच लागते. म्हणून पुण्याच्या एआरडीई संस्थेने नवी कार्बाइन ५.५६ मिलिमीटरची केली. तरी २०२१ साली पुढे आलेले ‘अस्मि’ मशीन पिस्तूल पुन्हा ९ मिलिमीटरचेच आहे. जवळच्या झटापटीत सोय अजून मोलाची ठरते.

मी कविता लिहिणारा माणूस. एकच शब्द दोन वृत्तांत बसतो, हे मला ठाऊक आहे. पण वृत्त लांबले म्हणून शब्दाचे वजन वाढत नाही. शस्त्र निवडणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवावे. कारण तिथे चूक झाली, तर ती पुढे उभ्या असलेल्या शिपायाला भोवते.