काटेरी झुडपाचं बी, यकृताचा राखणदार

भूमध्य समुद्राकाठच्या पडीक जमिनीत मिल्क थिसल नावाचं काटेरी झुडूप माजतं. सूर्यफुलाच्या कुळातलं, जांभळ्या गोंड्यांचं, पानांवर पांढऱ्या रेघा असलेलं. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने पित्त उतरवण्यासाठी त्याचा रस मधातून घ्यायला सांगितला. पुढे 19व्या शतकात जर्मन डॉक्टर योहान राडेमाखर यांनी बियांचा अर्क यकृताच्या रुग्णांना देऊन नाव कमावलं.

त्या बियांत नेमकं काय आहे, हे 1968च्या सुमारास म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वाग्नर आणि सहकाऱ्यांनी शोधलं. हाती आलं ते सिलिमारिन, अनेक संयुगांचं मिश्रण. त्यातलं मुख्य सिलिबिनिन. कार्बन टेट्राक्लोराइड या विषारी रसायनाचं विघटन करताना यकृत स्वतःच घातक मुक्त मूलकं तयार करतं आणि ती पेशींच्या आवरणातली मेदद्रव्यं जाळत सुटतात. प्रयोगातल्या उंदरांना सिलिमारिन दिलं, तर ही हानी कमी होते. त्यामुळे त्याची ओळख अँटिऑक्सिडंट म्हणून पक्की झाली.

खरी कसोटी मात्र युरोपच्या जंगलातल्या ‘डेथ कॅप’ या विषारी अळंबीने घेतली. ती खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग उतार पडल्यासारखा वाटतो आणि त्याच सुमारास यकृत निकामी होऊ लागतं. अमानिटिन हे तिचं विष पेशीत शिरून प्रथिननिर्मिती थांबवतं, पित्तातून आतड्यात उतरतं आणि पुन्हा यकृतात परततं. सिलिबिनिन इथे विषाची पेशीत शिरण्याची वाटच अडवतं. म्हणून युरोपातल्या रुग्णालयांत ते शिरेतून, सलाइन आणि इतर उपचारांच्या जोडीने देतात.

या यशाची पुण्याई सिलिमारिनच्या गोळ्यांना आयती मिळाली. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, हेपटायटिस-सीच्या 154 रुग्णांवर या गोळ्या औषधविरहित गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. पोटातून घेतलेलं सिलिबिनिन रक्तात फार थोडं पोहोचतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

आपल्याकडेही औषधांच्या दुकानांत सिलिमारिन सर्रास मिळतं. ते दारूचा परवाना नव्हे, की कावीळ अंगावर काढण्याचा आधार नव्हे. कोणतं विष, कोणत्या वाटेने आणि किती वेळापूर्वी शरीरात गेलं, हे विचारूनच या वनस्पतीचं मोल ठरवायला हवं.