वर्धा शिक्षणयोजना आणि पांढरकवड्यातील मातृभाषेचा प्रश्न

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षणपरिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योग ही तत्त्वे मान्य केली. निमूटपणे ऐकणारे मूल सूत कातता कातता गणित शिकेल, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात तिची खरी कसोटी लागते. येथील अनेक कोलाम व गोंड कुटुंबांत कोलामी वा गोंडी बोलली जाते. या भाषा द्राविड कुळातील, मराठी आर्यकुळातील. मराठी शाळेत अशा मुलाचे हात कामात रमले, तरी शिक्षकाचा प्रश्नच उमगला नाही, तर त्याने उत्तर कसे द्यावे? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पांढरकवड्यात शाळेला मुलाच्या भाषेपर्यंतही जावे लागेल. हस्तोद्योगाच्या तत्त्वाला मातृभाषेच्या तत्त्वाची जोड मिळाल्यावाचून वर्धा योजनेचा हेतू तेथे सफल होणार नाही.